पेठेतल्या वाड्याची भिंत नेमकी कशाची? आणि तिला गिलावा कशाचा?

ओसरी
पुण्याच्या पेठांमधल्या वाड्यांवर बोलायला लागलं की गाडी थेट नक्षीवर जाते. गणेशपट्टी, सुरूचे खांब, केळफुलं, महिरपी. सगळं सुंदर आहे, पण वाडा उभा राहतो तो त्याच्या आधीच्या गोष्टींवर: काळ्या दगडाचं जोतं, त्यावर सागवानी सांगाडा, सांगाड्याच्या पोटात विटा आणि पांढरी माती, आणि वर कौलं. माझं म्हणणं असं की वाडा लाकडावर उभा असतो, भिंतीवर नाही, आणि हे न समजल्यामुळेच बहुतेक दुरुस्त्या चुकतात.

तीन प्रश्न आहेत.
१. कोणत्या मजल्याची भिंत कशाची, हे न फोडता कसं ओळखायचं?
२. तळमजल्यावर दोन-तीन फुटांपर्यंत पोपडे निघतात, तिथे सिमेंटचा गिलावा करावा का?
३. कडीपाटावर, म्हणजे वरच्या मजल्याच्या लाकडी तळावर, नवी फरशी बसवायची तर किती वजन चालतं?

कसबा, शनिवार, नारायण, सदाशिव या जुन्या पेठा डोळ्यांसमोर ठेवून लिहावं.

ओळंबा
पहिल्या प्रश्नाचं उत्तर थोडं लांब आहे.

पेठेतला वाडा वर जाताना हलका होत जातो. जोतं घडीव दगडाचं. तळमजल्याची बाहेरची भिंत दोन-अडीच फूट जाड, कधी त्याहून जास्त. तिचं बाहेरचं अंग बहुधा भाजक्या विटांचं, आतलं अंग कच्च्या विटांचं किंवा मातीचं, आणि सांध्यात चुना किंवा नुसती माती. पहिल्या मजल्यावर जाडी कमी होते. माडीवर किंवा पोटमाळ्यावर तर अनेकदा फक्त लाकडी पडदी असते. हे सगळं खांब-तुळयांच्या सांगाड्यात भरलेलं असतं. खांब ओसरीत दिसतात, पण भिंतीत दडलेलेही असतात. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे एक खण, साधारण पाच-सहा फुटांच्या आसपास. ओसरीतले दिसणारे खांब मोजून त्याच रेषेत मागच्या भिंतीवर ठोकून पाहिलं, तर दडलेला खांब सापडतो. तिथे आवाज बदलतो.

भिंत फोडायची गरज नाही. कोनाड्याच्या आतल्या बाजूला तळहाताएवढा गिलावा काढा. आतला लिंबाएवढा ढेकूळ पाण्याच्या ग्लासात टाका. पाच-दहा मिनिटांत गाळ झाला तर माती. ढेकूळ तसंच राहिलं तर चुना किंवा भाजकी वीट. सांध्यात चुना आहे की सिमेंट, हे किल्लीने ओरखडून कळतं: चुना पांढरट भुकटी सोडतो, सिमेंट करडं असतं आणि किल्लीलाच घासून टाकतं.

आणि हे प्रत्येक मजल्यावर, प्रत्येक दिशेच्या भिंतीवर वेगळं करा. शे-दोनशे वर्षांत प्रत्येक भिंत कुणी ना कुणी हाताळलेली असते.

काळापाषाण
जोत्याबद्दल. हा दगड म्हणजे आपला बेसॉल्ट. तो स्वतः पाणी फारसं पीत नाही, म्हणून लोक समजतात की जोतं आहे म्हणजे ओल वर येणार नाही. पण जोतं भरीव दगडाचं नसतं. बाहेरून घडीव दगडाचा थर, आत खांडकी आणि चुना-मातीचा भराव. पाणी चढतं ते या भरावातून आणि सांध्यांतून.

दर्जा, म्हणजे दगडांमधले सांधे, भरताना जुना चुना किमान इंचभर, आणि रुंद सांध्यात रुंदीच्या दुप्पट खोल, छिन्नीने हळू काढायचा. ग्राइंडर लावायचा नाही, दगडाच्या कडा उडतात. मग ब्रशने धूळ काढून, सांधा ओला करून चुन्याचा मसाला दाबून भरायचा, दगडाच्या तोंडापेक्षा किंचित आत. सिमेंटची फुगीर पट्टी काढून त्यावर रेघा मारलेली दर्जा हल्ली सर्रास दिसते. ती दगडाच्या तोंडावर नुसती चिकटलेली असते. तिच्या वरच्या कडेला पाणी थबकतं आणि मागे झिरपतं. आत गेलेलं पाणी बाहेर येऊ शकत नाही, भराव भिजून फुगतो आणि घडीव दगडाचा थर पोट काढतो. पोट आलं की ओळंब्याने मोजा आणि तारखेसह लिहून ठेवा. वाढतंय की जुनंच आहे, हे कळल्याशिवाय हात लावू नका.

आणखी एक. रस्त्यावर डांबराचे थर चढत गेले आणि जोती खाली गेली. जिथे तीन पायऱ्या चढून दिंडीतून, म्हणजे मोठ्या दरवाजातल्या छोट्या दारातून, आत जायचं, तिथे काही ठिकाणी आता रस्ता आणि उंबरा एका पातळीला आलेत. म्हणजे पूर्वी जोत्याच्या अंगावर उडणारं पाणी आता थेट मातीच्या भिंतीवर उडतं. पोपड्यांचं निम्मं उत्तर इथेच आहे.

पक्कंकाम
सगळं खरं असेल, पण व्यवहार पाहा. चुन्यात काम करणारा गवंडी मिळत नाही, मिळाला तर दर दुप्पट. एक खोली चुन्याने करायला दीड-दोन महिने. वॉटरप्रूफिंगचं रसायन घालून सिमेंटचा गिलावा चार दिवसांत होतो, भिंत गुळगुळीत मिळते आणि पाच-सात वर्षं कुणी तक्रार करत नाही. वाड्यात राहणाऱ्यांना संग्रहालय नको असतं, कोरडं घर हवं असतं.

चुनकळी
@पक्कंकाम, कोरडं घर सगळ्यांनाच हवं आहे. प्रश्न एवढाच की पाणी जातं कुठे.

जमिनीतून ओल मातीच्या भिंतीत चढते आणि बाहेरच्या अंगाने वाळून निघून जाते. चढणं आणि वाळणं यांचा मेळ जिथे बसतो, तिथे ओलीची रेघ दिसते, साधारण दोन-तीन फुटांवर. त्या रेघेपर्यंत सिमेंट मारलं की वाळण्याची वाट बंद होते. पाणी थांबत नाही, ते सिमेंटच्या वरून बाहेर पडायला जागा शोधतं. दोन फुटांची ओल पाच फुटांवर जाते. म्हणून पुढच्या दुरुस्तीत गिलावा आणखी वर न्यावा लागतो. तुमच्या पाच-सात वर्षांनंतर हेच होतं.

दुसरी गोष्ट लोण्याची, म्हणजे भिंतीवर फुलणाऱ्या पांढऱ्या क्षारांची. पाण्याबरोबर क्षार येतात. पाणी उडतं तिथे क्षारांचे खडे होतात आणि खडे होताना फुगतात. चुन्याच्या गिलाव्यात हे पृष्ठभागावर होतं, गिलावा भुरभुरतो, मागची भिंत वाचते. सिमेंटमागे ते सिमेंट आणि मातीच्या सांध्यात होतं. मग गिलावा ताटासारखा सुटतो आणि सोबत इंचभर माती घेऊन येतो. भिंत दर खेपेला पातळ होते.

तिसरी आणि सगळ्यात वाईट: भिंतीत दडलेले खांब. @ओळंबा यांनी लिहिलंय त्याच खांबांचे पाय या कोंडलेल्या ओलीत उभे असतात.

कसबेकर
+१. ताटासारखा सुटतो हे अगदी नेमकं. सुटण्याआधी बोटाने ठोकलं तर भांड्यासारखा वाजतो.

सागवान
लाकडाबद्दल सविस्तर लिहितो, तिसऱ्या प्रश्नासह.

कडीपाट म्हणजे: खांबांवर तुळई, तुळईवर आडव्या कड्या, कड्यांवर फळ्या, फळ्यांवर मातीचा भराव आणि त्यावर सारवण. फरशी बहुतेक ठिकाणी नंतर आली. भराव सहा इंच धरला तर कोरड्या मातीचं वजन चौरस मीटरला अडीचशे किलोच्या आसपास भरतं. त्यावर दोन इंच सिमेंट-वाळूचा थर आणि इंचभर शहाबादी घातली की आणखी १७० किलो. दहा बाय दहाच्या खोलीत, म्हणजे साधारण ९.३ चौरस मीटरमध्ये, दीड टनापेक्षा जास्त वजन वाढलं. कड्या तेवढ्याच राहिल्या! म्हणून नवी फरशी जुन्याच्या वर बसवायची नाही. आधी भराव काढायचा, कड्या तपासायच्या, गरजेपुरताच भराव परत घालायचा किंवा वरून दुसऱ्या लाकडी फळ्या टाकायच्या. भराव एका कोपऱ्यातून उपसायचा नाही, सगळीकडून थोडा थोडा. एकीकडचा भार एकदम गेला तर जुने सांधे हलतात.

लाकूड कुठे तपासायचं? मधे नाही, टोकाला. तुळईची भिंतीत गेलेली टोकं, पन्हळीखालचा खण, मोरीशेजारचा खण आणि खांबाचा पाय. साधा टोकदार पेचकस दाबा. चांगल्या सागात दोन-तीन मिलिमीटरवर अडकतो, कुजलेल्यात लोण्यात सुरी जावी तसा जातो. वाळवी सागाच्या गाभ्याला सहसा लागत नाही, पण कडेचं पांढरं लाकूड खाते. त्यामुळे मातीच्या नळ्या दिसल्या म्हणून तुळई टाकून देऊ नका. पांढरं लाकूड तासा आणि गाभा किती उरला ते मोजा.

आता तळखडा. खांब जमिनीवर टेकत नाही, दगडी तळखड्यावर उभा असतो, म्हणून त्याचा पाय कोरडा राहतो. नवी फरशी घालताना जमीन तीन-चार इंच उचलली की तळखडा बुडतो आणि लाकूड थेट धुण्या-पुसण्याच्या पाण्यात येतं. एवढ्याशा चुकीने दोनशे वर्षं टिकलेला खांब वीस वर्षांत पायातून जातो. फरशी घालायचीच असेल तर तळखड्याभोवती चौकोन मोकळा सोडा.

दिंडीदरवाजा
पाय कुजलेला खांब पूर्ण बदलायचा की तुकडा जोडायचा?

सागवान
शक्यतो तुकडा जोडायचा. आधी वरच्या तुळईला दोन्ही बाजूंनी टेकू, खाली रुंद फळी, आणि जॅक फक्त भार घेण्यापुरता. तुळई 'सरळ' करायच्या नादात उचलू नका, वरच्या मजल्याच्या भिंती चिरतात. मग पेचकस अडकेपर्यंत, म्हणजे चांगलं लाकूड लागेपर्यंत, खालचा भाग कापायचा. जोड आडवा सपाट नको. तिरका किंवा पायरीचा, लांबी खांबाच्या जाडीच्या अडीच ते तीन पट. सहा इंची खांबाला दीड फुटाचा जोड. लाकडी खुंट्या किंवा न गंजणारे बोल्ट.

नवीन ओलं सागवान वापरलं तर आकसून जोड उघडतो. पाडलेल्या वाड्यांचं लाकूड वखारीत मिळतं, ते पुरतं वाळलेलं असतं. त्यातले जुने खिळे आधी काढा, नाहीतर रंध्याचं पातं जाईल. आणि तुळईचं टोक परत भिंतीत बसवताना सिमेंटमध्ये गाडू नका. तिन्ही बाजूंनी इंचभर हवा खेळती ठेवा, खाली सपाट दगड.

दिंडीदरवाजा
धन्यवाद! खांबांवर एक पाटी लावायला हवी: 'येथे खिळे मारू नयेत. हा खांब वाड्याचा आहे, कॅलेंडरचा नाही.'

ओसरी
ही पाटी प्रत्येक वाड्यात हवी :)

पेशवाईनंतर
थोडं अवांतर, पण साहित्याशी संबंधित. 'हा वाडा पेशवेकालीन' असं सरसकट म्हटलं जातं. साहित्य वाचता आलं तर थर वेगळे करता येतात. मंगलोरी कौलांचा कारखाना मंगलोरला १८६५ साली निघाला, म्हणजे ती कौलं असलेलं छप्पर त्यानंतरचं. रेल्वे पुण्यात १८५८ मध्ये आली आणि लांबून येणारा जड माल सोपा झाला. बिडाचे खांब, कठड्याच्या बिडाच्या जाळ्या, लोखंडी आय आकाराच्या तुळया, रंगीत काचा, हे सगळं बहुधा त्यानंतरचं. त्यामुळे एकाच वाड्यात पहिला चौक पेशवाईतला आणि रस्त्याकडची बाजू एकोणिसाव्या शतकाच्या शेवटची असं सहज असतं. दोन्ही जपण्यासारखं आहे. 'मूळ रूप' आणायचं म्हणून बिडाची जाळी काढून भंगारात घालू नये.

शनिवारवाडा हा तर साहित्याचा धडाच आहे. १७३२ मध्ये वास्तुशांत, १८२८ च्या आगीत आतले मजले गेले आणि उरलं काय? तट, दरवाजे आणि दगडी जोती. जे लाकडाचं होतं तेवढं नेमकं गेलं. लाकडी सांगाडा मूळ जागी पाहायचा असेल तर विश्रामबागवाड्याची रस्त्याकडची बाजू पाहावी.

कसबेकर
आगीचं उदाहरण दिलंत तसं पाण्याचं १९६१ चं. १२ जुलैला पानशेत फुटलं आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं. मातीच्या भिंतींची घरं कोसळली, त्याचं कारण ओळंबा यांच्या ग्लासातल्या ढेकळासारखंच आहे. कच्ची माती पाण्यात बुडून राहिली की तिची ताकद संपते. जिथे भार लाकडी सांगाड्यावर होता तिथे भिंत गळून पडली तरी सांगाडा टिकायची शक्यता होती. जिथे भिंतीवरच कड्या टेकल्या होत्या, तिथे मजलाही खाली आला. धागाकर्त्याचं मूळ विधान मला यासाठी महत्त्वाचं वाटतं, पण 'भिंतीवर नाही' हे सगळीकडे खरं नाही. लहान घरांत आणि नंतर वाढवलेल्या खोल्यांत कड्या थेट भिंतीवर असतात. तिथे भिंत काढली की छप्पर येईल. आधी कडी कुठे टेकली आहे ते पाहा.

ओळंबा
@कसबेकर, दुरुस्ती मान्य.

यात सामायिक भिंतीचा धोका जोडतो. पेठेत वाड्याला वाडा लागून. शेजारचा वाडा पाडला की मधली भिंत उघडी पडते. ती कधीच पावसासाठी बांधलेली नसते, गिलावाही नसतो. नुसती कच्ची माती जूनमध्ये उघडी राहिली तर पहिल्याच पावसात खालून ढासळते. शेजारी पाडकाम सुरू होताच तीन गोष्टी मागून घ्या: पाडताना कड्यांची टोकं खेचून नाही, कापून काढावीत, उघड्या भिंतीवर पत्रे लावावेत, भिंतीपासून दोन-तीन इंच अंतर ठेवून, म्हणजे मागे हवा राहील, आणि पार्किंगचा खड्डा भिंतीच्या बुडाशी सरळ उभा कापू नये, आधी आधार, मग टप्प्याटप्प्याने खोदाई. प्लास्टिकचा कागद चिकटवून गुंडाळू नका, आतून घाम सुटतो.

पक्कंकाम
क्षारांचा मुद्दा पटला. दर खेपेला गिलावा वर सरकतो हेही खरं आहे. पण मग चुन्याची रीत नीट लिहा. 'चुना वापरा' एवढं सांगून गवंड्याला काही कळत नाही.

चुनकळी
लिहिते.

कळीचा चुना (भाजलेला, पण अजून पाण्यात न विरवलेला) पिंपातल्या पाण्यात थोडा थोडा टाकायचा. पाणी चुन्यावर ओतायचं नाही. उकळी फुटते, डोळ्यांना चष्मा आणि हातमोजे हवेतच. चुन्याच्या घनफळाच्या अडीच-तीन पट पाणी. थंड झाल्यावर बारीक चाळणीतून गाळा आणि वर पाण्याचा थर ठेवून किमान तीन आठवडे मुरवा, जास्त मुरला तर उत्तमच. न विरलेला कण गिलाव्यात राहिला तर नंतर फुगून फोड येतो. पिशवीतली चुन्याची पूड घेणार असाल तर ताजी घ्या. हवेने गठ्ठे झालेली पूड निकामी.

मसाला: एक भाग चुना, अडीच ते तीन भाग धुतलेली, टोकदार कणांची वाळू. ओलीच्या जागी थोडी वाळू कमी करून सुरखी, म्हणजे विटेची भुकटी. सुरखी कमी भाजलेल्या, मऊ विटांची हवी. खंगर, म्हणजे जास्त भाजलेल्या कडक विटांची भुकटी नुसती वाळूचं काम करते. मसाला जितका मळाल, कुटाल तितका कमी पाण्यात लोण्यासारखा होतो. चुना मळायची घाणी नसेल तर लाकडी दांड्याने कुटा. पाणी वाढवून मऊ करू नका, भेगा पडतील. गूळ आणि बेलफळाचं पाणी घालायची रीत आहे, पण हात आखडता ठेवा. गूळ जास्त झाला तर चुना घट्ट व्हायला रेंगाळतो.

एक थर दहा-बारा मिलिमीटरपेक्षा जाड नाही. दोन थरांत किमान आठवडा. प्रत्येक थरावर आठ-दहा दिवस ओलं गोणपाट. पुण्यात नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. एप्रिल-मेमध्ये वारा आणि ऊन थर वरून सुकवतात, आत चुना तसाच राहतो. भिंत कच्च्या मातीची असेल तर चुना थेट धरत नाही. आधी माती, गव्हाचा भुसा आणि थोडा चुना असा थर, तो खरबरीत ठेवून वाळू द्यायचा, मग चुना.

काळापाषाण
गवंड्याला एवढंच सांगा की चुना थापला की तासाभराने आणि दुसऱ्या दिवशीही लाकडी थापीने दाबत राहायचं. सिमेंटची सवय असलेले एकदा घोटून निघून जातात, आणि भेगांचं खापर चुन्यावर फुटतं.

ओसरी
सर्वांचे मनापासून आभार. आता पोपड्यांच्या मूळ प्रश्नावर परत येतो. क्रम काय ठेवायचा? सिमेंटचा जुना गिलावा आधीच मारलेला असेल तर?

चुनकळी
आधी भिंत नाही, पाणी. पन्हळ, चौकातला नाला, मोरीचा पाईप आणि जुना हौद असेल तर त्याची गळती. भिंतीलगत बाहेर सिमेंटचा कोबा केला असेल तर दीड-दोन फुटांची पट्टी उखडून खडी भरा, ओल तिथून उडू दे.

मग सिमेंट काढा, ओलीच्या रेघेच्या वर दीड-दोन फुटांपर्यंत. हलक्या हातोडीने, वरून खाली. बहुतेक आपोआप सुटेल. चिकटून बसलेल्या जागी खेचू नका, मातीसकट येईल. तिथे बारीक तुकडे करा. नंतर भिंत तशीच उघडी ठेवा, पाऊस संपल्यापासून उन्हाळ्यापर्यंत. हाच टप्पा लोक गाळतात. लोणा वर येईल तसा कोरड्या ब्रशने झाडा आणि केर बाहेर टाका. पाण्याने धुतलात तर क्षार विरघळून परत आत जातात.

उन्हाळ्यापर्यंत उघडी ठेवली की चुन्याचा हंगाम पुढच्या नोव्हेंबरात येतो. थांबता येत नसेल तर फक्त मातीचा थर देऊन ठेवा. शेवटी चुन्याचा गिलावा आणि वर चुन्याची सफेदी. प्लास्टिक रंग मारलात तर सगळी मेहनत वाया. पहिल्या एक-दोन वर्षांत खालचा फूटभर गिलावा पुन्हा भुरभुरेल. तो क्षार ओढून घेण्यासाठीच आहे. तेवढाच काढून परत करायचा.

पक्कंकाम
वाडा महापालिकेच्या वारसा यादीत असेल तर आधी श्रेणी पाहा आणि दर्शनी बाजूला हात लावण्यापूर्वी परवानगी घ्या. वर्षभर भिंत उघडी ठेवायची हे घरमालक आणि भाडेकरू दोघांनाही लेखी सांगा, नाहीतर मधेच कुणीतरी सिमेंट मारून मोकळं होतं.

दिंडीदरवाजा
शेवटचा प्रश्न. सफेदी हाताला लागते. डिंक घालावा की मीठ?

चुनकळी
मीठ अजिबात नको, आधीच क्षारांची भिंत आहे. भिजवलेला डिंक गाळून, बादलीला वाटीभर. त्यातही पातळ हात तीन-चार, प्रत्येकाआधी भिंत ओली करून. एक जाड हात दिला की पापुद्रे सुटतात. पिवळेपणा मारायला चिमूटभर नीळ चालेल.